राईडवर अनोळखी माणसानं मदत केली आणि पैसे घेतलेच नाहीत, अशा वेळी तुम्ही काय करता?

बर्डीचा_रायडर (प्रश्न)

नमस्कार मंडळी, इथं नागपूरचेच बरेच जण आहेत म्हणून विचारून राहिलो. आम्ही चार मित्र, कॉलेजपासूनचे, दिवाळी आटोपली की गाड्या काढून पचमढीकडे जातो. रूट ठरलेला, सावनेर, सौंसर, सिलेवानी घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली. यावेळी तामिया सोडलं आणि देलाखारीच्या आसपास माझ्या गाडीचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. स्पोकचं चाक, आत ट्यूब, म्हणजे ट्यूबलेससारखं स्ट्रिप ठोकून पुढे जाता येत नाही, चाकच काढावं लागतं. स्पेअर ट्यूब होती पण ती सकाळीच सौंसरजवळ दुसऱ्या मित्राच्या गाडीला टाकून झाली होती. अंधार पडला, दोन्ही बाजूला जंगल, चौघांच्या फोनमध्ये मिळून एक काडी नेटवर्क नाही आणि थंडी तर काय सांगू.

तेवढ्यात एक पिकअप आली, रिकामी, मंडीत मका विकून घरी चालला होता माणूस. आम्ही हात केलाच नव्हता, त्यानं स्वतःच थांबवली. काही विचारलं नाही, मागचं फळकं पाडलं आणि म्हणाला "चढाओ". गाडी चढवली, बाकीचे तिघं मागे मागे, असं त्याच्या घरी गेलो. ओसरीत मक्याचा ढीग होता, त्याच्या आईनं आधी तो ढीग फावड्यानं बाजूला करायला लावला आणि सगळ्या गाड्या आत घ्या म्हणाली, बाहेर दव पडतं. रात्री मक्याची भाकर, चुलीत भाजलेल्या टमाटरची चटणी, आणि आम्हाला वाढून झाल्याशिवाय घरातलं कोणी जेवायला बसलं नाही. सकाळी त्यानं माझं चाक स्वतःच्या गाडीवर बांधून मटकुलीला नेलं, ट्यूब टाकून आणली, आणि ट्यूबचे जेवढे लागले तेवढेच घेतले, पावती दाखवून.

निघताना आम्ही दोन हजार काढले तर त्यानं हात मागे नेले. माझ्या मित्रानं मग त्यांच्या लहान पोट्ट्याच्या हातात पाचशेची नोट दिली तर आजीनं ती त्याला परत द्यायला लावली, "मेहमान से कोई लेता है क्या". आता झालं काय, आमच्यातच वाद सुरू आहे. एक म्हणतो उशीखाली ठेवून निघायचं होतं, दुसरा म्हणतो तो अपमान झाला असता. मला स्वतःला असं वाटतं की नुसतं "थँक यू भैया" म्हणून निघून आलो हे पुरेसं नाही, मनातून ते घर जातच नाही. तुम्ही लोक काय करता अशा वेळी? आणि जानेवारीत परत जायचं म्हणून राहिलो, घरच्यांना घेऊन, ते बरं दिसेल का?

---

मानकापूर_५००

भाऊ, फोटो. काढले असतील ना तुम्ही त्यांच्यासोबत? ते प्रिंट करून घेऊन जा, मोठ्या साईजमध्ये, आणि त्यात तुम्ही चौघं नसलेले पण असू द्या, म्हणजे आजी आणि नातू, नवरा बायको असे. खेड्यात फोनमध्ये फोटो खूप असतात आता पण भिंतीवर लावायला कागदाचा फोटो नसतो. मी मेळघाटात सेमाडोहच्या बाजूला एका घरी असा फोटो दिला होता, नंतर गेलो तेव्हा तो देवाच्या फोटोशेजारी लावलेला होता, मला बोलताच येईना.

आणि आपण नागपूरचे आहोत तर संत्री न्यायची, एक पेटी. जानेवारीत आंबिया बहार संपत आलेला असतो, चांगली मिळाली नाहीत तर फेब्रुवारीत मृग बहाराची येतात, ती जास्त गोड. कळमन्याच्या मार्केटमधून घ्या.

---

सौंसरवाला

संत्री आमच्या सौंसर पांढुर्ण्यालाही भरपूर होतात बरं का, नागपूरच्याच पट्ट्यातली आहेत ती, वाटेतच घ्या, ताजी मिळतील. पण तामियाच्या डोंगरावर बागा नाहीत, तिथं नेली तर कौतुक होईलच.

बाकी एक सांगतो, तुम्हाला जी पिकअप भेटली ती नशिबानं भेटली असं समजू नका. त्या रस्त्यावर पचमढीच्या महादेवाला जाणारे लोक पिढ्यानपिढ्या जात आले आहेत. शिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणारे, नागपंचमीच्या आधी नागद्वारला जाणारे, त्यातले किती तरी आपल्या विदर्भातलेच. गाड्या नव्हत्या तेव्हा बैलगाडीनं आणि पायी जायचे, रात्र झाली की जे गाव आलं तिथं मुक्काम, कोणाच्या तरी ओसरीत. माझी आजी सांगायची, घरून फक्त पीठ मीठ घेऊन निघायचे, चूल आणि सरपण ज्याच्या दारात थांबले त्याचं. तिकडच्या घरांना नागपूरकडचा माणूस दारात झोपलेला नवीन नाही. आजही नागद्वारच्या यात्रेत नागपूरची मंडळं पचमढीला जाऊन भंडारे लावतात, हजारो लोक जेवतात, कोणाला नाव गाव विचारत नाहीत. म्हणजे हे देणं घेणं दोन्हीकडून चालू आहे. तुम्ही एक वेळ त्या भंडाऱ्यात वाढायला या, मी तर म्हणतो तेच करा.

---

वैनगंगाकाठचा

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, कारण मी त्या घरातला आहे. म्हणजे तसल्या. आमचं घर नागभीड ब्रह्मपुरी रस्त्यावर, अगदी रोडला लागून, आणि लहानपणापासून आमच्याकडे असे अडलेले लोक येत आले. कोणाची चेन तुटली, कोणाचं पेट्रोल संपलं, कोणी पावसात सापडलं. बाबा शेतावरून आल्यावर अंगणात कोण बसलं आहे हे बघून आईला फक्त एवढं विचारायचे, भात किती टाकला.

त्यात एक फरक बाबा करायचे तो तुम्हाला उपयोगी पडेल. ट्रॅक्टर लावून कोणाची गाडी ओढून नागभीडपर्यंत नेली तर डिझेलचे पैसे सरळ सांगायचे, लाजायचे नाहीत, आणि समोरच्यानं दिले तर घ्यायचे. रोवणीच्या दिवसांत मजूर थांबवून मदत केली तर मजुराची मजुरी पण घ्यायचे आणि त्या मजुराला द्यायचे. पण जेवण, पाणी, झोपायला जागा, याचे पैसे कोणी काढले की त्यांचा चेहरा पडायचा. कारण त्याचे पैसे दिले की आमचं घर लॉज झालं ना. तुमच्या त्या माणसानं ट्यूबचे घेतले आणि बाकीचे नाही घेतले, अगदी तसंच आहे हे. त्यानं तुम्हाला रेषा आखून दाखवली. पिकअपच्या डिझेलचं मात्र तुम्ही वेगळं म्हणायला हवं, "खाने का नहीं दे रहे, डीजल का तो लो", असं म्हटलं की बरेच जण घेतात. आणि उशीखाली ठेवणारा जो मित्र आहे ना त्याला सांगा, सकाळी अंथरूण उचलताना आईला नोटा सापडल्या होत्या एकदा, ती दिवसभर म्हणत होती की आपलं काय चुकलं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर पाहुणा हा प्रकारच वेगळा आहे. दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात, वडसा बाजूच्या कंपन्या गावोगाव जातात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला संपतं आणि त्या रात्री गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. ओळखीचे असतात, ओळखीच्यांच्या ओळखीचे असतात, आणि काही तर कोणाचे आहेत हे शेवटपर्यंत कळत नाही. घरच्या बाया दुपारपासून चुलीपुढे असतात. अशा घरात वाढलेल्या माणसाला तुम्ही हेल्मेट घालून आलात काय आणि धोतर घालून आलात काय, रात्र झाली म्हणजे आत या, बस.

आता जे त्रास देतं ते पण लिहितो. आजकाल रायडर लोक येतात, आई पोळ्या लाटत असताना तिचा व्हिडिओ काढतात, न विचारता, आणि "साधी माणसं" असं काही तरी लिहून टाकतात, लोकेशनसकट. मग पुढच्या शनिवारी दहा गाड्या दारात, दादा जेवायला मिळेल का. ते खानावळ शोधत येतात, अडलेले नसतात. आईचं वय झालं आहे. म्हणून कळकळीची विनंती, गावाचं नाव, घराचा फोटो, माणसाचा नंबर टाकू नका. तुम्ही प्रश्नात गावाचं नाव लिहिलं नाही हे मला फार बरं वाटलं.

---

जुनी_राजदूत

वरच्या भावाशी सहमत आणि म्हणूनच जानेवारीत घरच्यांना घेऊन जाणं मला पटत नाही. चौघांचे कुटुंब म्हणजे बारा पंधरा माणसं. त्या घरी तुम्ही उभे राहिलात की तो माणूस कोंबडा कापेल, उधारी करून कापेल, नाही म्हणणार नाही. तुमची कृतज्ञता आणि त्याच्या घरचा महिन्याचा किराणा. त्यापेक्षा फोन करत जा अधूनमधून. पोळ्याला, दिवाळीला. मक्याला भाव काय मिळाला विचारा. मला वाटतं वर्षानुवर्षं टिकणारा फोन हा कोणत्याही भेटवस्तूपेक्षा मोठा.

---

बर्डीचा_रायडर

@जुनी_राजदूत दादा, हा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता, बरोबर आहे तुमचं. पण अजिबात जायचंच नाही हे मन मानत नाही. दोघंच गेलो, सकाळी जाऊन चहा घेऊन तासाभरात निघालो तर? मुक्काम पचमढीत किंवा तामियाला.

@वैनगंगाकाठचा डिझेलची गोष्ट वाचून मी मित्रांना लगेच पाठवली. आईंना नमस्कार सांगा.

---

एकटी_फिरते

मी नागपूरचीच, बहुतेक वेळा एकटीच फिरते, कधी दोन मैत्रिणी सोबत. तुमच्या अनुभवाबद्दल खरंच छान वाटलं वाचून, पण यात बायकांची बाजू कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. अंधारात पिकअप स्वतःहून थांबली तर तुम्हाला हायसं वाटलं, मला आधी भीती वाटली असती, आणि तो माणूस तितकाच चांगला असता तरी वाटली असती. म्हणून मी मदत मागायचीच वेळ आली तर कुठं मागायची हे ठरवलेलं आहे. जिथं बायका दिसतात तिथं. हापसीवर पाणी भरणाऱ्या, अंगणवाडी, आशाताई, शाळेच्या मास्तरीणबाई, एसटी थांब्यावर बसलेल्या बाया. गाडी बंद करून हेल्मेट काढून चेहरा दाखवायचा आणि आधी "मावशी, पाणी मिळेल का" एवढंच. पाणी आलं की गोष्ट पुढे सरकते.

धारणी भागात एकदा क्लचची केबल तुटली होती, केबल माझ्याकडे होती, टाकता पण येते, फक्त उजेड आणि बसायला जागा हवी होती. एका कोरकू घरातल्या मावशींनी दिवा धरला, पूर्ण वेळ धरला, आणि गावातले बघे पुरुष जमले त्यांना त्यांच्या भाषेत काय सांगितलं कोणास ठाऊक, सगळे दहा पावलं मागे जाऊन बसले. मग त्यांच्या सुनेला म्हणाल्या, बघ, ती स्वतः करते. मी त्यांना काही दिलं नाही. त्यांच्या सुनेला गाडीवर बसवून गावाला एक चक्कर मारली, तिनं मागितलं होतं. सांगायचं हे की कधी कधी समोरच्यालाच विचारावं, तुम्हाला काय आवडेल. ते सांगतात.

आणि मुलांना चॉकलेटं वाटणं कृपा करून बंद करा सगळ्यांनी. काही रस्त्यांवर आता मुलं गाडीचा आवाज आला की पळत रोडवर येतात. शाळेत द्यायचं असेल तर मास्तरांना विचारून वह्या, कंपास, खेळायला चेंडू असं द्या, शाळेतच.

---

परिक्रमावासी_नागपूर

नर्मदे हर. मी रिटायर झाल्यावर मोटरसायकलनं नर्मदा परिक्रमा केली, सोबत माझा शाळेतला मित्र. पायी करणाऱ्यांची परंपरा तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची, आमची गाडीवरची, त्यामुळे त्या लोकांपुढे आमचं काही मोठेपण नाही. नियम तोच, मैया उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठं ओलांडायची नाही.

तिथं मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं. काठावरच्या गावात परिक्रमावाशाला सदाव्रत देतात, म्हणजे कोरडा शिधा, पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, तुम्ही तुमचं शिजवून घ्या. ज्याच्या घरी स्वतःला पुरेसं नाही तो पण मूठभर देतो. सुरुवातीला मला फार अवघड वाटायचं, पेन्शन घेणारा माणूस मी, त्या बाईच्या डब्यातलं पीठ कसं घेऊ. एका आश्रमातल्या महाराजांना विचारलं तर ते म्हणाले घ्यायचं, नाही म्हणायचं नाही, आणि पुढच्या आश्रमात जमेल तेवढी तांदळाची पोती उतरवायची. जिथून घेतलं तिथंच परत केलं पाहिजे असं नाही. आम्ही मग तसंच केलं, गाडीवर मावेल तेवढा शिधा घ्यायचा आणि पुढच्या अन्नक्षेत्रात द्यायचा. माझ्या मित्राला हिशेबाची सवय, तो वहीत लिहायचा कोणाकडून काय मिळालं, अमरकंटकला पोहोचेपर्यंत त्यानं लिहिणं सोडून दिलं होतं.

तुमच्या बाबतीत सौंसरवाल्यांची भंडाऱ्याची सूचना मला सगळ्यात जास्त आवडली.

---

गोल्डन_अवर

मी अॅम्ब्युलन्सवर काम करतो, वर्धा रोड आणि जबलपूर रोड दोन्हीकडच्या केस बघितल्या आहेत. पंक्चर आणि केबल ठीक आहे, पण अनोळखी माणसाची खरी गरज अपघातात पडते आणि तिथं लोक अजूनही थांबत नाहीत, पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार म्हणून. त्यामुळे परतफेड करायची असेल तर सगळ्या रायडर लोकांनी हे पाठ करा.

सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. तुम्ही नाव सांगायची सक्ती नाही. दवाखान्यात पोहोचवून तुम्ही निघून जाऊ शकता, तुमच्याकडून अॅडमिशनचे पैसे मागता येत नाहीत. केंद्र सरकारचं बक्षीस २०२१ मध्ये पाच हजार होतं ते आता पंचवीस हजार केलं आहे, पण कोणी पैशासाठी थांबतं असं मला दिसलं नाही. जे थांबतात ते तसेही थांबतात. आणि २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस इलाज आहे, हे नातेवाईकांना माहीतच नसतं, त्यांना सांगा.

रस्त्यावर काय करायचं, तर आधी आपली गाडी इंडिकेटर लावून मागे उभी करा म्हणजे दुसरा ट्रक येऊन ठोकणार नाही. १०८ लावा, हायवेवर असाल तर १०३३, नाही लागलं तर ११२. पडलेला माणूस श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. पाणी पाजू नका, हे आपल्याकडे सगळे करतात, माया म्हणून करतात, पण ते घशात अडकू शकतं आणि पुढे ऑपरेशनला पण अडचण होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि सोडू नका. गळ्यातला रुमाल पण चालतो.

एक केस विसरता येत नाही. देवलापारच्या पुढे रात्री एक मोटरसायकलवाला पडला होता, आम्ही पोहोचलो तेव्हा एक ट्रक ड्रायव्हर, बहुतेक तमिळनाडूकडचा असावा, मांडी घालून रस्त्यात बसून त्या पोराच्या पायावर टॉवेल दाबून धरून होता. त्याला हिंदी येत नव्हतं, पोराला त्याची भाषा येत नव्हती, आणि तो एकसारखा काही तरी बोलत होता, पोरगा झोपू नये म्हणून. आम्ही पोराला गाडीत घेतलं, तो हात धुवून ट्रकमध्ये बसून निघून गेला. पोरगा वाचला. त्याला आजही माहीत नाही की तो धरून ठेवणारा कोण होता, मी भेटून सांगितलं तेव्हा रडला खूप, म्हणाला मी त्याला कुठं शोधू. तुमच्याकडे तर घर माहीत आहे, फोन नंबर आहे, जा भाऊ, दोघं जा, भेटून या.

---

मानकापूर_५००

@गोल्डन_अवर हे सगळं मी आमच्या ग्रुपमध्ये टाकून राहिलो, रविवारच्या राईडच्या आधी वाचून दाखवणार. आमच्याकडे सगळ्यांच्या हेल्मेटच्या मागे ब्लड ग्रुप आणि घरचा एक नंबर चिकटवलेला आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांनी करा.

---

बर्डीचा_रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आमचं ठरलं असं. संक्रांतीनंतर मी आणि ज्याचं उशीखालचं म्हणणं होतं तो, असे दोघंच जाणार, सकाळी निघून दुपारी पोहोचायचं, मुक्काम तामियाला. सोबत फोटो आणि सौंसरहून संत्री. आजीला विचारायचं की नागपूरहून काय आणू, आधी फोनवर. डिझेलचं मी त्या दादाशी फोनवर बोललो कालच, तो हसला आणि म्हणाला आओ तो सही, पहले आओ. आणि नागपंचमीच्या आधी नागद्वारच्या भंडाऱ्यात चौघंही वाढायला येणार, @सौंसरवाला भाऊ तुमच्या ओळखीचं मंडळ असेल तर मला मेसेज करा, कामाला पाठवा, पोळ्या लाटता येत नाहीत पण बाकी सगळं करू.

---

सौंसरवाला

मेसेज केला आहे. भंडाऱ्यात पाणी वाहून नेणारे आणि भांडी घासणारे कमी पडतात, वाढायला सगळेच तयार असतात, तर तुम्हा चौघांना तिकडे लावतो. पावसात यायचं आहे, मटकुलीच्या पुढच्या घाटात दगड माती रोडवर येते तेव्हा रात्रीचं चढू नका, पिपरियाकडून येणाऱ्या बस पण जोरात असतात. रेनकोट चांगला घ्या आणि ट्यूब दोन ठेवा.